पंचनाम्यात न बसणारी मजुरी

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातले काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात कुजले. तलाठी, कृषी सहायक बांधावर आले, पंचनामे झाले. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला हेक्टरी मदत. ती मिळायलाच हवी, आणि तीही अपुरीच पडते. पण तेच सोयाबीन एकरी भाव ठरवून उक्ते काढणाऱ्या बायकांच्या टोळीचे काय? पावसाळ्यातली उसनवारी फेडायची, दिवाळीचा किराणा भरायचा तो याच काढणीच्या पैशांतून. पंचनाम्यात पीक असते, जमीन, घर, जनावर असते. बुडालेल्या मजुरीला रकानाच नाही.

सातबारा नसलेल्या माणसाचीही आपत्तीत नोंद घेणारी एक व्यवस्था महाराष्ट्रानेच देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला माणसे रस्त्यावर आली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा (रोहयो) १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि काम मागणे हा हक्क. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, ही गोष्ट आज फारशी कुणाला आठवत नाही. २००५ चा केंद्राचा मनरेगा कायदा याच वाटेने आला.

पण ही व्यवस्था दुष्काळातून घडली, आणि दुष्काळ सावकाश येतो. पिके माना टाकतात, विहिरी तळ गाठतात, तोवर कामांचा आराखडा करायला, हजेरीपट काढायला उसंत मिळते. अतिवृष्टी एका रात्रीत हंगाम नेते. वर जमीन ओली, मातीकाम बंद. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच रोहयो थंडावते. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात हमी १०० वरून १२५ दिवसांची झाली, हे चांगलेच. मात्र पेरणी-काढणीच्या काळात शेतीला मजूर मिळावेत म्हणून वर्षातून ६० दिवस कामे बंद ठेवायची आहेत. काढायला पीकच उरले नसेल, तर त्या दिवसांत मजुराने जायचे कुठे?

उपाय हाताशी आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की अतिवृष्टी धरतात. पंचनाम्यांची चक्रे त्या आकड्यावर फिरत असतील, तर त्याच आकड्यावर त्या मंडळापुरती ही ६० दिवसांची कामबंदी उठावी आणि वाफसा येताच कामे निघावीत. कामांची वाण नाही: ओढ्यातला गाळ, खचलेल्या विहिरी, फुटलेले बांध, खरडून गेलेली रानं. अशा जमिनीसाठी राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोहयोतून ३ लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. ती माती जेसीबीने ओढली, तर काढणी बुडालेल्या टोळीची मजुरी दुसऱ्यांदा बुडेल. म्हणून त्या गावांत यंत्राआधी हजेरीपट निघायला हवा, आणि आठवड्याची मजुरी त्याच आठवड्यात हातात पडायला हवी.