प्रफुल्लभाईंच्या काळातला फुटबॉल

28 ऑक्टोबर 2017 च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर इंग्लंडच्या सतरा वर्षांखालच्या पोरांनी दोन गोलांची पिछाडी भरून काढत स्पेनला 5-2 असं हरवलं. त्या रात्री मैदानात 66,684 प्रेक्षक होते. तीन आठवड्यांच्या स्पर्धेला एकूण 13 लाख 47 हजारांहून जास्त लोक आले. या वयोगटाच्या विश्वचषकाला एवढी गर्दी तोवर कुठल्याही देशात झाली नव्हती. ही स्पर्धा भारतात आणण्याचं श्रेय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांना गेलं, आणि ते योग्यच होतं. त्यानंतर तीनच दिवसांनी, 31 ऑक्टोबरला, दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मधली त्यांची निवड रद्द केली. राष्ट्रीय क्रीडा संहितेला धरून ती निवडणूक झाली नव्हती, असा निकाल होता. दहाएक दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि पटेल खुर्चीवर राहिले ते थेट मे 2022 पर्यंत.

पटेलांचा विषय निघाला की फुटबॉलवेडे आजही भांडतात, ते याच दोन तारखांवरून. कुणी 28 तारीख धरून बसतं, कुणी 31. मुंबई-पुण्यात, गोव्यात, कोलकात्यात हा वाद अनेकदा झाला आहे. पण तो चंद्रपूर-गडचिरोलीतून पाहिला की वेगळाच दिसतो, आणि तसा तो कुणी फारसा मांडलेला नाही.

पटेल गोंदियाचे. गोंदियाहून बल्लारशाला जाणारी रेल्वे अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल करत चंद्रपुरात येते. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं एकच स्टेशन आलं, वडसा, आणि तेही याच मार्गावर. गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात गोंदिया जिल्ह्यातला आमगाव विधानसभा मतदारसंघ येतो. म्हणजे देशाच्या फुटबॉलची सूत्रं साडेबारा वर्षं ज्यांच्या हाती होती, ते प्रफुल्लभाई आमच्या शेजारचे, झाडीपट्टीच्या वेशीवरचे. हे लक्षात घेतलं की मला एक प्रश्न टाळता येत नाही. या काळात इथल्या पोरांच्या पायापर्यंत काय पोचलं?

आधी त्यांच्या बाजूचं नीट सांगितलं पाहिजे. प्रियरंजन दासमुन्शी 1988 पासून वीस वर्षं महासंघाचे अध्यक्ष होते. 2008 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि कारभार पटेलांकडे आला. ऑक्टोबर 2009 मध्ये ते रीतसर निवडून आले. डिसेंबर 2010 मध्ये महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांचा करार केला. वर्षाला सरासरी 46-47 कोटींची ही हमी भारतीय फुटबॉलनं पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्यातूनच 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. मार्च 2015 मध्ये जागतिक क्रमवारीत 173 वर घसरलेला भारत जुलै 2017 मध्ये 96 वर आला. एप्रिल 2019 मध्ये क्वालालंपूरला 46 पैकी 38 मतं मिळवून पटेल फिफाच्या परिषदेवर गेले. तिथवर पोचलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या समर्थकांचं म्हणणं असं की दासमुन्शींच्या वीस वर्षांत यातलं काय झालं होतं ते दाखवा. या प्रश्नाला विरोधकांकडे सोपं उत्तर नाही.

विरोधकांचं गाऱ्हाणं क्लबांचं आहे, आणि महाराष्ट्रात ते जास्त जिव्हारी लागतं. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसीनं आणि भारत एफसीनं 2015 मध्ये गाशा गुंडाळला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये आय-लीगमधून, म्हणजे त्या राष्ट्रीय लीगच्या पुढच्या रूपातून, गेले. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग 2016 मध्येच बाहेर पडले होते, धेंपोही निघाला. नवी सुपर लीग चमकदार होती, पण तिचं दार पैशानं उघडत होतं. खालून खेळून वर जाण्याची वाट नव्हती. ती वाट खुली व्हायला 2022-23 चा हंगाम उजाडला. तेव्हा आय-लीग जिंकलेल्या पंजाबच्या संघाला पहिल्यांदा बढती मिळाली. मधल्या आठ वर्षांत जे क्लब मेले ते मेलेच.

या दोन्ही बाजूंच्या मधोमध मिझोरामचं आयझॉल उभं आहे. मला वाटतं, पटेलांच्या काळाविषयी बोलताना आयझॉलवर सगळ्यात जास्त वेळ थांबायला हवं.

2015-16 च्या हंगामात आयझॉल एफसी आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावलं गेलं. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईच्या खालिद जमीलला आणलं. खालिद हा महिंद्रा युनायटेडचा जुना खेळाडू आणि मुंबई एफसीचा अनेक वर्षांचा प्रशिक्षक, म्हणजे आपल्याच बंद पडलेल्या क्लबांच्या मुशीतला माणूस. एप्रिल 2017 मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगालसारख्या क्लबांना मागे टाकून आयझॉल देशाचा विजेता झाला. ईशान्येतल्या कुठल्याच क्लबनं तोवर ही लीग जिंकली नव्हती. आणि लगोलग या विजेत्यांना कळलं की पुढच्या रचनेत वरच्या लीगमध्ये त्यांना जागाच नाही. गावोगावच्या चाहत्यांनी वर्गणी काढून, डोंगर उतरून ज्या संघाला पाठिंबा दिला, त्याला विजेतेपदाच्या दुसऱ्या दिवशी न्यायासाठी दारोदार फिरावं लागलं. पटेलांच्या कारकिर्दीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. खेळून मिळवलेला मान त्यांच्या महासंघाला राखता आला नाही.

पण आयझॉलची गोष्ट इथे संपत नाही, आणि गडचिरोलीचा संबंध इथेच येतो. 2011 च्या जनगणनेत मिझोराम या पूर्ण राज्याची लोकसंख्या 10 लाख 97 हजार होती. गडचिरोली जिल्ह्याची 10 लाख 73 हजार. दोन्हीकडे घनदाट जंगल, आदिवासी वस्ती, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, राजधानीपासूनचं अंतर आणि बंदुकीचा इतिहास. मिझोरामनं 2012 मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली. झोनेट या तिथल्या केबल वाहिनीनं सामने घराघरांत दाखवले. दोनच वर्षांत, 2014 मध्ये, मिझोरामनं राज्यसंघांमधला संतोष करंडक जिंकला आणि त्यानंतर तीन वर्षांनी आयझॉल विजेता झाला. महाराष्ट्रानं संतोष करंडक शेवटचा जिंकला तो 1999-2000 च्या हंगामात.

मिझोरामला दिल्लीकडून काही खास मिळालं नव्हतं. महासंघ तोच, अध्यक्षही तेच. फरक राज्य संघटनेनं घडवला. तिनं लीग बांधली, तारखा पाळल्या, गावातल्या क्लबला दर हंगामात खेळायला सामने दिले. हे पटलं की चाहत्यांचा वाद चुकीच्या खुर्चीभोवती फिरतोय हे दिसतं. महाराष्ट्राचा फुटबॉल चालवते मुंबईच्या कूपरेजवरची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. ती 1911 सालची, आणि राज्यातल्या जिल्हा संघटना तिच्या छत्राखाली येतात. तिचं अध्यक्षपदही अनेक वर्षं प्रफुल्ल पटेलांकडेच राहिलं. विश्वचषक, फिफा परिषद, 700 कोटी हा हिशेब दिल्लीच्या खुर्चीचा आहे आणि त्यात त्यांच्या पदरात बरंच काही पडतं. गडचिरोलीत लीग का नाही, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या पोरानं शालेय स्पर्धा संपली की पुढे कुठे खेळायचं, हा हिशेब कूपरेजच्या खुर्चीचा आहे. तो त्यांना कुणीच विचारत नाही. समर्थक विचारत नाहीत आणि विरोधकही नाहीत.

15 सप्टेंबर 2017 ला महाराष्ट्र सरकारनं 'मिशन वन मिलियन' राबवलं. विश्वचषकाच्या निमित्तानं राज्यभरात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचं ठरलं होतं. शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. जिथे फुटबॉल कुणी हातात धरला नव्हता अशा शाळांच्या पटांगणात त्या दिवशी पोरं धावली. ती कल्पना उत्तम होती, हे मी मनापासून म्हणतो. तिच्यामागे सोळा सप्टेंबर नव्हता, एवढंच. चेंडूला पंच लागतो, पंचाला प्रशिक्षण लागतं, संघाला शनिवार-रविवारचे ठरलेले सामने लागतात आणि त्या सामन्यांची नोंद ठेवणारी जिल्हा संघटना लागते. आमच्याकडे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की गावोगाव कबड्डीचे सामने भरतात, त्याच दिवसांत वडशातून झाडीपट्टीची नाटकं निघतात. थंडीभर लोक जागतात, तिकीट काढून नाटक बघतात. इथे प्रेक्षक नाही, इथे उत्साह नाही, असं कुणी म्हणू नये. कबड्डीला इथे ठरलेला हंगाम आहे, फुटबॉलला तो कुणी दिलाच नाही.

पटेलांच्या खुर्चीचा शेवट कसा झाला तेही सांगितलं पाहिजे. तेव्हाच्या क्रीडा संहितेनुसार अध्यक्षाला जास्तीत जास्त 12 वर्षं मिळत. त्यांचा तिसरा कार्यकाळ डिसेंबर 2020 मध्ये संपला. घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पडून असल्याचं कारण देत निवडणूक झाली नाही. 18 मे 2022 रोजी न्यायालयानं जुनी समिती हटवून निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे कारभार सोपवला. ऑगस्टमध्ये या समितीनं पटेलांविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची याचिका दाखल केली. फिफाकडून दबाव आणण्यात त्यांचा हात असल्याचा तिचा आरोप होता. फिफानं बंदी घालू नये अशी विनंती पटेलांनीच मे महिन्यात पत्रानं केल्याचं वृत्तपत्रांत आलं होतं, हेही नोंदवायला हवं. ऑगस्टच्या मध्यावर फिफानं त्रयस्थ हस्तक्षेपाचं कारण देऊन भारताला निलंबित केलं आणि 26 तारखेला निलंबन उठवलं. त्या दिवसांत गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोचल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावं लागलं. त्या मुलींचा गुन्हा काय होता, याचं उत्तर त्या भांडणातल्या एकाही पक्षानं दिलेलं नाही.

2 सप्टेंबर 2022 च्या महासंघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कल्याण चौबे यांनी बायचुंग भुतिया यांना 33-1 असं हरवलं. देशातला सगळ्यात लाडका माजी खेळाडू आणि त्याला एक मत. मतदार होते फक्त राज्य संघटनांचे प्रतिनिधी. तुलनेसाठी बार्सिलोना क्लब पाहा. तिथे जोसेप नुन्येस 1978 पासून 22 वर्षं अध्यक्ष होते, पण 1998 मध्ये क्लबच्या सभासदांना त्यांच्यावर अविश्वास ठराव आणून मतदान घेता आलं. ठराव फेटाळला गेला, तरी मत टाकता आलं. आपल्याकडच्या चाहत्याच्या हाती तेवढंही नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या नव्या घटनेत माजी खेळाडूंना मतदानाचा हक्क मिळाला, हे पाऊल पुढचं आहे. दरम्यान 700 कोटींच्या कराराची 15 वर्षं संपत आली आणि पुढचं काही न ठरल्यानं जुलै 2025 मध्ये सुपर लीगचा हंगामच थांबवला गेला. क्रमवारीत भारत 133 वर घसरला. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाची धुरा खालिद जमीलकडे आली.

प्रफुल्लभाईंनी देशासाठी काय केलं याचा वाद चालत राहील, तो चालू द्या. आम्ही पूर्व विदर्भातल्या लोकांनी मात्र कूपरेजकडे बोट दाखवावं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वरिष्ठ आणि कुमार गटाची लीग कधी सुरू होणार, तिला पंच किती मिळणार, तिच्या विजेत्याला राज्य पातळीवर खेळायची हमी आहे का, हे प्रश्न राज्य संघटनेला लेखी विचारावेत. वडसा, मूल, बल्लारपूर, अहेरी इथल्या मंडळांनी एकत्र येऊन विचारावेत, आणि येत्या धानकापणीच्या आत विचारावेत.