मरळीसाठी काठी आणि चक्री

‘गळ घालणे’ याचा कोशातला अर्थ आग्रहाने विनवणे असा आहे. आम्हा भोयांच्या घरात मात्र तो पोटाचा उद्योग आहे. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे चुलतभावाने गळासाठी विकतची काठी व चक्री घ्यायचे ठरविले, तेव्हा खोक्यावरचे इंग्रजी वाचून दाखविण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. सोयाबीनच्या सोंगणीच्या मजुरीतून त्याने पैसे साठविले होते. ते चुकीच्या वस्तूत गेले असते, तर पुढची सोंगणी येईपर्यंत दुसरी खरेदी नव्हती. म्हणून त्या खोक्यांवरच्या आकड्यांचा अर्थ मी नीट लावून पाहिला. तोच येथे मांडीत आहे.

विद्यार्थी मित्रहो, नळगंगा असो, पेनटाकळी असो की संत चोखासागर, आपल्या जिल्ह्यातील धरणांच्या कडा सारख्याच दिसतात. काठाला बेशरमाची झुडपे, पुढे पानकणीस आणि पाण्याखाली बुडालेल्या बाभळींची खोडे. येथे जाळे फाटते. आणि मरळ नेमकी येथेच दबा धरून असते. ती पाण्यातला प्राणवायू तर घेतेच, पण तिला मधूनमधून वर येऊन हवाही घ्यावी लागते. वर येताना पाणी हलते आणि ती कोठे आहे हे कळते. मग पन्नास हात दूर गळ फेकण्याचे कारणच उरत नाही. दहा-पंधरा फुटांवर, झुडपाच्या फटीत, आवाज न करता आमिष सोडायचे, एवढेच काम असते. पूर्वी जिवंत बेडूक लावीत. आता रबरी बेडूक मिळतो, आणि तोच वापरावा.

आमचे मोठे बाबा अजूनही दहा-बारा फुटांचा बांबू वापरतात. शेंड्याला दोरा बांधलेला, चक्री नाही. चुलतभावाची खरेदी ऐकून ते एवढेच म्हणाले, “मासोयी काठीनं निंघते, चक्रीनं नाई.” मला हे जुन्या माणसाचे बोलणे वाटले नाही, या प्रकारच्या मासेमारीचे सगळे शास्त्रच त्यात आहे.

अमेरिकेत बास नावाचा असाच दबा धरणारा मासा आहे. कॅलिफोर्नियात लव्हाळ्यांतून तो काढण्यासाठी लोक बारा फुटांच्या आसपासची लांब काठी वापरीत, आणि दोरा जवळजवळ बांधून ठेवल्यासारखाच असे. १९७० च्या दशकात डी थॉमस हा मासेमार ती रीत स्पर्धांत घेऊन आला. लांब काठीवर हरकत निघाली व लांबी आठ फुटांवर मर्यादित झाली, तेव्हा तो साडेसात फुटांच्या जाड काठीकडे वळला. जवळच्या मासेमारीच्या आजच्या काठ्या त्याच वळणाच्या आहेत. म्हणजे तिकडचीही सुरुवात मोठ्या बाबांच्या बांबूसारखीच!

आता काठी कशी निवडावी? मरळ गळाला लागली की पहिल्या दोन-तीन क्षणांत तिचे तोंड झुडपाबाहेर वळवावे लागते. एकदा का तिने देठांना दोऱ्याचे वेढे दिले की मासा गेला आणि गळही गेला. म्हणून काठीवर ‘हेवी’ असे लिहिलेले पाहावे. निदान ‘मीडियम हेवी’ तरी. ‘फास्ट’ म्हणजे फक्त शेंडा वाकतो, बुंधा ताठ राहतो, असे असावे. लांबी सात ते साडेसात फूट. त्याहून आखूड काठीने झुडपावरून हात पोचत नाही. फायबरची काठी जड पण स्वस्त, आणि दगडावर आपटली तरी सहसा टिकते. कार्बनची हलकी असते, पण ठेच लागली की पुढे ऐन ओढीत मोडू शकते. मोटारसायकलवर बांधून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने फायबरचीच घ्यावी, असे माझे मत आहे.

दोरा विणलेला घ्यावा. नायलॉनचा दोरा ताणला की लांबतो, त्यामुळे झटका गळापर्यंत पोचता पोचता मंदावतो. विणलेला जवळजवळ लांबत नाही. खोक्यावर वजन पौंडांत असते. ५० पौंड म्हणजे सुमारे २३ किलो. दोन-तीन किलोच्या मरळीला हे जास्त वाटेल, पण आपण मासा आणि झुडूप दोन्ही ओढत असतो.

चक्रीचा क्रमांक सर्वांत शेवटी. एवढ्या अंतरात ती दोरा सांभाळते, त्याची लांबी कमी-जास्त करते आणि पक्की धरून ठेवते, बस्स. चक्रीवर ७:१ असे लिहिले असेल तर मूठ एकदा फिरविली की रीळ सात वेळा फिरते. ढिला दोरा चटकन गोळा होतो, म्हणून हा आकडा मोठा असलेला बरा. दाब आवळल्यावर दोरा सुटता कामा नये, हे दुकानातच हाताने ओढून पाहावे. बेअरिंगांच्या संख्येला भुलू नये. आडवी चक्री गुंता करते म्हणून नवशिके तिला भितात. पण तो गुंता मुख्यतः लांब फेकताना, रीळ दोऱ्यापेक्षा वेगाने फिरल्याने होतो. आपल्याला तर आमिष झोक्यासारखे हलवून अलगद सोडायचे असते. तरी पैसे थोडे असतील तर काठीखाली लटकणारी साधी उघडी चक्री चालेल. चुलतभावाने तीच घेतली, आणि वाचलेल्या पैशांत चांगला दोरा आला.

पावसाळ्यात मरळीची लालसर पिले थव्याने वर दिसतात आणि आई-बाप खाली राखणीला असतात. त्या वेळी ती कशावरही झेपावते, म्हणून मिळविणे सोपे. पण राखण गेली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. असा थवा दिसला की आमच्याकडे काठी गुंडाळतात. धरणे बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांच्या ठेक्यात असतात, तेव्हा हौसेने जाणाऱ्याने आधी संस्थेला विचारावे.

आणखी एक. धरणाच्या काठाने शेतकऱ्यांच्या मोटारपंपांच्या तारा पुष्कळ ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात. कार्बनमधून वीज वाहते. ओल्या बांबूतूनही वाहते. अशा तारांखालून जाताना काठी खांद्यावर उभी न धरता आडवी, जमिनीलगत धरावी.