खोल विहिरीतील उपसा : तेल आणि पाणी
पंप खोल विहिरीतील द्रव वरून खेचतो, हा समज भ्रामक होय. वातावरणाचा दाब पाण्याचा स्तंभ फार तर १०.३ मीटर उचलून धरतो. म्हणून धाराशिव जिल्ह्यातील विंधनविहिरींत पंपच खाली बुडवून पाणी वर लोटावे लागते. १९७४ साली शोध लागलेल्या मुंबई हायच्या तेलविहिरींत निराळा उपाय योजितात : दाबाखालील वायू तेलात सोडून स्तंभ हलका केला, की खडकातील दाबच त्यास वर लोटतो. तथापि दोन्ही साधने उपशाची आहेत, पुरवठ्याची नव्हेत. धाराशिवच्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः विघटित थरांत व भेगांत साठते. त्या रिकाम्या झाल्यावर अधिक शक्तीचा पंप शेतकऱ्याचे कर्ज वाढवील, पाणी नव्हे.