विश्लेषण : न उघडणाऱ्या खिडकीतून पावसाचे पाणी घरात कसे येते? सिलिकॉन मारूनही गळती का थांबत नाही?

नव्या इमारतींत दिवाणखान्याला मोठी, न उघडणारी म्हणजेच ‘फिक्स’ काच बसवण्याची पद्धत आता रुळली आहे. उजेड भरपूर येतो, धूळ आणि आवाज कमी होतो. मात्र पावसाळ्यात याच काचेखालच्या भिंतीला ओल धरते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि फरशीवर पाणी साचते. मग सिलिकॉनची एक नळी आणून दिसेल ती फट बुजवली जाते. पुढच्या जोरदार सरीत पाणी पुन्हा हजर. असे का होते, आणि नेमके काय करायला हवे?

खिडकी बंदच आहे, मग पाणी आत ढकलते कोण?

सरळ पडणारा पाऊस खिडकीला फारसा त्रास देत नाही. खरा त्रास वाऱ्यासोबत येणाऱ्या पावसाचा. वारा काचेवर आदळला की बाहेरचा हवेचा दाब घरातल्या दाबापेक्षा वाढतो आणि हा फरक पाण्याला फटीतून आत रेटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा पाण्याला सुमारे १७ मिलिमीटर वर चढवू शकतो. ‘तौक्ते’ चक्रीवादळात १७ मे २०२१ रोजी कुलाब्यात ताशी ११४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली होती. त्या वेगाला हाच आकडा ६१ मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच काचेवर सुमारे १८० किलोचा भार. जितका वरचा मजला, तितका वारा अधिक. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू असेल तर घरातला दाब आणखी कमी होतो आणि पाणी ओढले जाते.

याशिवाय बारीक फटीत पाणी स्वतःहूनही सरकते. दोन काचा एकमेकींना चिकटवल्यावर त्यांच्यामध्ये पाणी जसे चढते, तसेच काच आणि चौकटीतील केसाएवढ्या फटीत घडते.

चांगल्या खिडकीत पाणी अडवतात की बाहेर काढतात?

दोन्ही. पूर्वी लाकडी खिडकीत काच लांबीने पक्की केली जात असे. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांची ही लांबी काही वर्षांनी सुकून तडकायची. आजच्या ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसी चौकटीत काचेच्या दोन्ही बाजूंना रबराची पट्टी, म्हणजे गॅस्केट किंवा सिलिकॉन असते. पण बाहेरची पट्टी सगळे पाणी अडवेल, असे गृहीत धरलेले नसते. थोडे पाणी खाचेत उतरणारच, ते पुन्हा बाहेर जावे म्हणून चौकटीच्या खालच्या पट्टीला लहान छिद्रे ठेवलेली असतात. कारागीर त्यांना ‘वीप होल’ म्हणतात.

काचही थेट चौकटीवर टेकत नाही. खालच्या बाजूला दोन रबरी ठोकळ्यांवर ती उभी असते, त्यामुळे तिची कड पाण्यात राहत नाही. कड सतत ओली राहिली तर लॅमिनेटेड काचेचे थर कडेपासून सुटू लागतात आणि दुहेरी काचेत आतून धुके धरते. असे धुके पुसता येत नाही, तो काचेचा संचच बदलावा लागतो.

मग चूक कुठे होते?

सर्वात घातक चूक म्हणजे ही छिद्रे बुजवणे. फट समजून कुणी त्यावर सिलिकॉन मारते, कधी प्लॅस्टरच्या वेळी त्यात सिमेंट जाते, कधी धूळ आणि मुंग्यांची माती साचते. बाहेर जायला वाट नसल्याने खाचेत पाणी भरते आणि आतल्या बाजूने ओसंडते. अशा वेळी जितके सिलिकॉन जास्त, तितकी गळती जास्त.

दुसरी चूक गॅस्केटची. घाईत पट्टी ताणून बसवली की काही महिन्यांत ती आखडते आणि नेमक्या कोपऱ्यांत फट पडते. पट्टी किंचित लांब कापून, न ताणता बसवावी लागते. स्वस्त पीव्हीसीची पट्टी उन्हाने लवकर कडक होते. ईपीडीएम रबर ऊन-पावसात अधिक टिकते.

तिसरी चूक चौकट आणि भिंत यांमधील सांध्याची. ॲल्युमिनियम उन्हात काचेच्या आणि काँक्रीटच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. दोन मीटर लांबीची पट्टी ३० अंशांच्या फरकाने जवळपास १.४ मिलिमीटर वाढते. हा सांधा नुसत्या सिमेंटने भरला तर तो तडकतो. सिलिकॉन ताणले जाते खरे, पण ते फक्त दोन बाजूंना चिकटलेले असावे लागते. तळाशीही चिकटले तर ते ताणाने फाटते. म्हणून आधी सांध्यात ‘बॅकर रॉड’ नावाची फोमची दोरी दाबतात आणि तिच्यावर सिलिकॉन भरतात.

कोणतेही सिलिकॉन चालते का?

नाही. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते. ते काचेला चांगले धरते, पण सिमेंट, संगमरवर आणि काही धातूंसाठी योग्य नाही. खिडकीच्या दगडी चौकटीसाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे, बाहेरच्या हवामानासाठी बनवलेले सिलिकॉन लागते. पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा. जुन्या, मळलेल्या सिलिकॉनवर नवा थर धरत नाही, जुना खरवडून काढावाच लागतो. त्यामुळे ऐन पावसात ओल्या भिंतीवर केलेले काम टिकत नाही. हे काम पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत करावे.

गळती नेमकी कुठली, हे कसे ओळखायचे?

पाणी काचेच्या खालच्या कडेतून आत ओसंडत असेल तर संशय गॅस्केटवर आणि बुजलेल्या छिद्रांवर. चौकट कोरडी आणि शेजारची भिंत ओली असेल तर दोष बहुधा भिंतीच्या सांध्यात. वरच्या कोपऱ्यातून ओघळ येत असतील तर छज्जा किंवा बाहेरच्या प्लॅस्टरची तड तपासावी. आपल्याकडे एसीच्या खोलीत पावसाळ्यात दव धरते ते काचेच्या बाहेरच्या बाजूला. त्यामुळे आतल्या पाण्याला ‘दव’ म्हणून सोडून देऊ नये.

खात्रीसाठी बाहेरून पाइपने कमी दाबाने पाणी मारून पाहतात. सुरुवात खालच्या सांध्यापासून करून हळूहळू वर जातात आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे थांबतात. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि दोष सापडत नाही. आत एकाने टॉर्च घेऊन पाहत राहावे.

मात्र वरच्या मजल्यावर फिक्स काचेची बाहेरची बाजू घरातून हाताला लागत नाही. शेजारच्या खिडकीतून वाकून किंवा एसीच्या कठड्यावर उतरून हे काम करणे जिवावर बेतू शकते. दोर आणि सुरक्षापट्टा वापरणाऱ्या प्रशिक्षित कामगारांकडूनच आणि सोसायटीला कळवूनच ते करून घ्यावे.

खर्च कोणाचा?

घराचा ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील तर आधी बिल्डरला लेखी कळवावे. ‘रेरा’ कायद्याच्या कलम १४ (३) नुसार बांधकामाच्या दर्जातील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तसे न झाल्यास भरपाई मागता येते. त्यासाठी पाऊस सुरू असतानाच, तारीख दिसेल असे फोटो आणि व्हिडीओ काढून ठेवावेत. तक्रारीआधी स्वतः सिलिकॉन मारू नये. मूळ दोष झाकला जातो आणि जबाबदारीवरून वाद होतो.

दुरुस्ती करून घेताना कारागिराला विचारायचे तीन प्रश्न :
• वीप होल मोकळे आहेत का?
• जुने सिलिकॉन पूर्ण काढणार का?
• भिंतीच्या सांध्यात बॅकर रॉड घालणार का?

यांची उत्तरे ‘हो’ नसतील तर नव्या थराचे पैसे देण्यात अर्थ नाही.