सायकलला इंजिन जोडताना
1946 साली सोइचिरो होंडा यांच्या हाती जपानी लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली छोटी जनरेटर-इंजिनं लागली. ती त्यांनी सायकलींवर चढवली. पहिल्या नमुन्यात इंजिन पुढे होतं आणि रोलर थेट टायरवर घासून चाक फिरवायचा. टायर टिकेना! मग पट्ट्याने मागचं चाक फिरवणं आलं.

घरी असा खटाटोप करणाऱ्यालाही हेच कोडं पडतं. रोलर बसवायला सोपा, पण पावसात घसरतो. पट्टा धक्के पचवतो. साखळी घसरत नाही, पण खडखडते.

मोठ्या इंजिनाचा मोह मात्र फसवा, कारण सायकलचे ब्रेक तेच राहतात. खरा हिशोब फेऱ्यांचा. ताशी 30 किलोमीटर वेगाला 26 इंची चाक मिनिटाला जेमतेम 240 फेरे घेतं आणि छोटं इंजिन सहज 4,800. म्हणजे वीसपट उतार हवा, तोही बहुधा दोन टप्प्यांत.