जालन्याचा रुग्ण, मुंबईचा इलाज

जालन्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, माजलगाव येथे पोलीस शिपाई असलेल्या ललित साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि शासनयंत्रणेपुढे एक अपूर्व पेच उभा राहिला. महिला शिपाई म्हणून भरती झालेली ही व्यक्ती स्वतःला पुरुष मानत होती. रजा नाकारण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथून प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखविण्यात आली. अखेर शासनाने सहानुभूती दाखविल्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. साळवे पुरुष शिपाई म्हणून सेवेत परतले, २०२० साली विवाहबद्धही झाले. त्यांचे कौतुक झाले, ते यथोचितच होय.

परंतु या प्रकरणातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. साळवे यांच्या तपासणीत पुरुषाचे 'वाय' गुणसूत्र आढळले होते. प्रयोगशाळेचा कागद हाती असल्याने शंकेखोरांनाही मान डोलावणे सोपे गेले असावे. ज्यांच्या तपासणीत असे काहीच आढळत नाही, देह निरोगी आहे आणि तरीही तो आपला वाटत नाही, अशा पारलिंगी व्यक्तींपाशी स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा कोणता? ही घुसमट म्हणजे लहर नव्हे, वेडही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात देह व लिंगभाव यांतील ही विसंगती मनोविकारांतून वगळून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घालण्यात आली आहे.

संसदेने २०१९ साली केलेल्या कायद्याने शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार व समुपदेशन यांची सोय करण्याचा भार शासनावर टाकला. २०२२ साली आयुष्मान भारत योजनेखाली पारलिंगी व्यक्तींना वर्षाला ५ लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर झाले. तथापि मंठा-परतूरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाने वा मुलीने प्रथम कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न उरतोच.

शस्त्रक्रियेला मुंबई गाठता येईल. देवगिरी एक्स्प्रेसने एका रात्रीचा तो प्रवास आहे. संप्रेरके मात्र वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. पुरुषी संप्रेरकाने रक्त दाट होण्याचा धोका असतो, स्त्रीसंप्रेरकाने शिरांत गुठळी होण्याचा. म्हणून पहिल्या वर्षात तरी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आवश्यक ठरते. दर तिमाहीस मजुरी बुडवून मुंबईस जाणे कोणाला परवडणार? मग औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणायच्या आणि परिणाम लवकर दिसावा म्हणून मनानेच मात्रा वाढवायची, हा मार्ग उरतो. देशात अनेक ठिकाणी हेच होत आले आहे, आणि त्याचा दोष केवळ गोळ्या घेणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

वस्तुतः या तपासण्यांना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे आठवड्यातून एक दिवस मनोविकारतज्ज्ञ व फिजिशियन यांनी एकत्र बसून हे रुग्ण तपासावेत, केसपेपरवर रुग्ण सांगेल ते नाव लिहावे, शस्त्रक्रियेपुरते मुंबईला पाठवावे आणि पुढची औषधे व तपासणी येथेच करावी.