मीठफुटी रान आणि दुधाचा पैसा

बचत गटाच्या कामानं शिरोळ तालुक्यात माझं जाणं-येणं असतं. उसाला वर्षानुवर्षं भरमसाठ पाणी पाजून तिथली कितीतरी काळी रानं मीठफुटी झाली. गटातल्या एका वहिनींच्या घरचे म्हणाले, "राहू दे पडीक." पण वैरण विकत आणली तर दुधाचा पैसा उरणार कसा? वहिनींनी पॅरा गवतात शेवरीच्या ओळी लावल्या. खारट, ओल्या जमिनीत दोन्ही तग धरतात. गवतानं जमीन झाकली की क्षार वर येणं कमी होतं. शेवरीच्या मुळांवरच्या गाठी नत्र देतात, पाला प्रथिनं. निचऱ्याचे चर मात्र हवेतच. नुसत्या गवतानं जमीन सुधारत नाही. मैत्रिणींनो, पडीक म्हणण्याआधी एक वाफा लावून तर बघा!